ऑक्टाव्हिया आरएस, मॉडेल २००६ : पोरीला मागं बसवायच्या आधीची नोंदवही

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

गाडी काल आणली, स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस. अमरावतीच्या एका डॉक्टरांची, तीन वर्षं शेडमध्ये उभी, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर कबुतरांची कृपा. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर, डिक्कीवर ते छोटं पंख. २००४ ला ही भारतात आली तेव्हा मी आयटीआयला होतो अन् वहीच्या मागच्या पानावर हीच काढत बसायचो. दोन लाख दहा हजाराला पडली. बाबांनी पाहिली, एक चक्कर मारली, म्हणाले "एवढ्यात मळणीयंत्र आलं असतं." बरोबरच आहे त्यांचं.

हिनं, म्हणजे बायकोनं, किंमत विचारलीच नाही. मागचं दार उघडून आत बसली, इकडंतिकडं हात लावून पाहिला आणि म्हणाली, "पोरीले याच्यात बसवता येते का, तेवढं सांगा. तोंडी नको, लिहून." जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, तोंडी उत्तरावर विश्वास नाही. म्हणून ही वही.

मी म्हटलं, आपण मोटरसायकलवर तिघं जातो, पोरगी मधात, टाकीवर पिशवी, त्यापेक्षा कोणतीही चारचाकी बरीच ना. तर म्हणते, मोटरसायकलवर आपण चाळीसनं जातो अन् दारव्ह्याच्या पुढं जात नाही. गाडी आली का मग शेगाव, माहूर, नागपूर, अन् तेही ऐंशी-नव्वदनं. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, अजूनही नाही. लिहून ठेवतो.

५ फेब्रुवारी

दुकान बंद केल्यावर (मोटर रिवाइंडिंग, सध्या हरभरा-गव्हाच्या ओलितात लोकांच्या मोटरी धडाधड जळून राहिल्या, वेळ कमीच) मोबाइलवर वाचत बसलो. या पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियाला युरो एनकॅपनं (गाड्या आदळून पाहून सुरक्षेचे स्टार देणारी युरोपातली संस्था) २००१ मध्ये ४ स्टार दिले होते. ऐकून छाती फुगली, पण नीट वाचलं तर फुगा उतरला. ती टेस्ट ६४ च्या स्पीडनं, गाडीचा समोरचा ४० टक्के भाग अडथळ्यावर आदळून. अन् स्टार द्यायचे निकष तेव्हा बरेच सैल होते. मुलांसाठी वेगळे स्टार युरो एनकॅपनं २००३ च्या शेवटी सुरू केले, म्हणजे ज्या प्रश्नासाठी मी बसलो त्याचं उत्तर त्या चार स्टारात नाहीच. आणि ती टेस्ट झालेली गाडी नवी होती, युरोपातली होती. माझी १९ वर्षांची अन् कबुतरांखालची.

तरी एक आहे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या आदळून पाहिल्या होत्या, एअरबॅग नसलेली मॉडेलं, पाचही शून्य स्टार. तसल्या एखाद्या सेकंडहँड गाडीपेक्षा हिचा सांगाडा मजबूत, एवढं म्हणायला हरकत नाही. पण नवी, सहा एअरबॅगची, भारत एनकॅपमध्ये चांगले स्टार मिळालेली गाडी घ्यायची ऐपत असली तर पोरीसाठी तीच घ्यावी, यात वाद नाही. आपल्या गाडीत खिडकीवरून खाली येणाऱ्या पडद्याच्या एअरबॅग नाहीत, बाजूनं ट्रकनं ठोकलं तर नवी गाडी जे करेल ते ही नाही करणार. हेही हिला वाचू दे.

९ फेब्रुवारी, रविवार

टायर. वरून पाहिलं तर नवे, नक्षी पूर्ण, डॉक्टरसाहेब म्हणाले "टायर तर पाहा, जसेच्या तसे". टायरच्या भिंतीवर डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायरवर २२१४. म्हणजे २०१४ सालचा बाविसावा आठवडा, जून आला नव्हता तेव्हाचे. अकरा वर्षांचं रबर. भिंतीला बारीक भेगा, वाळलेल्या तळ्याच्या मातीसारख्या, नखानं दाबलं का उघडतात. नक्षी नवी आहे कारण गाडी चाललीच नाही, पण रबर काय गाडी चालली का नाही ते पाहत नाही, उन्हानं अन् वेळेनं मरते. आपल्याकडं मे मध्ये ४५ च्या वर जाते, त्यात अंगणात उभी गाडी, विचार करा.

चार नवे अन् स्टेपनी पाचवी. स्टेपनीवर तर ०६ होतं, गाडीबरोबर जन्मलेली. ३१ हजार गेले. कोणी जुनी गाडी पाहायला जात असाल तर इंजिनच्या आधी हे चार आकडे पाहा, बॅटरी लावायचीही गरज नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

ब्रेक. ऑइल काढलं तर काळं, टपरीवरच्या उकळून उकळून उरलेल्या चहासारखं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढते, हे मला माहीत होतं पण आकडा पहिल्यांदा वाचला : डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० डिग्रीला उकळते, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकते. उकळलं का बुडबुडे, अन् बुडबुडे दबतात, पेडल सरळ खाली. म्हणजे सपाट रस्त्यावर कधी समजणार नाही, माहूरचा घाट उतरताना, चार माणसं भरलेली असताना समजेल.

चारही रबरी होज बदलले. मागचा उजवा कॅलिपर (चाकाजवळ ब्रेक दाबणारा भाग) जाम, चाक हातानं फिरेना. आणि एबीएसचा (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम) दिवा पेटलेलाच होता, त्याचं कारण उंदीर. पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची वायर कुरतडून दोन तुकडे केलेले, बाजूला सोयाबीनचे टरफलं व्यवस्थित जमा करून ठेवलेले. वायरिंग आपलंच काम, सोल्डर करून जोडली, वर स्लीव्ह, दिवा गेला. या वहीतलं एकमेव काम जे फुकटात झालं.

२ मार्च, रविवार

टायमिंग बेल्ट, इंजिनचे व्हॉल्व अन् पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. कधी बदलला याचा कागद नाही, डॉक्टर म्हणतात "बदलला असेल". असेल वर इंजिन चालत नाही. हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात, इंजिन जागेवर संपते. लोक याला खर्चाची गोष्ट समजतात पण ही जिवाची पण आहे. ओव्हरटेक करताना, समोरून ऊसाचा ट्रक नाही तर कापसाची गाडी येताना इंजिन बंद पडलं तर पॉवर स्टिअरिंग जड होते, ब्रेकचा बूस्टर दोनतीन दाबात संपतो. बेल्ट, टेन्शनर, वॉटरपंप एकदमच बदलला. हे काम मी नाही केलं, नागपूरच्या एका गॅरेजला चार दिवस ठेवली, त्यांनी सांगितलेल्या पैशावर सहा हजार वर घेतले अन् एक बोल्ट कमी लावला. बोल्ट घरी लावला.

पेट्रोलचे रबरी पाइपही बदलले. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येते, ही गाडी त्यासाठी बनलेली नाही, अन् जुन्या रबराला इथेनॉल चालत नाही. एक पाइप हातात चिकट लागला. गरम टर्बोजवळ पेट्रोलचा थेंब, नको बाबा. एक किलोचं आग विझवायचं सिलिंडर ड्रायव्हर सीटखाली लावलं, हातात येईल असं, डिक्कीत नाही.

२३ मार्च, रविवार

आजची नोंद लांब आहे, अन् याच्यासाठीच वही लिहिली असं म्हटलं तरी चालेल.

हॉर्न कधी वाजते कधी नाही. स्टिअरिंग डावीकडं फिरवलं का वाजते, सरळ केलं का गुल. मी महिनाभर रिले अन् अर्थिंग तपासत बसलो, मोटरवाला माणूस ना, वायरमध्येच घुसतो. मग यवतमाळचा एक ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन आला होता, त्यानं विचारलं, "भाऊ, चाबी लावल्यावर एअरबॅगचा दिवा पेटते का?" मी म्हटलं, नाही पेटत, म्हणजे चांगलंच आहे ना, फॉल्ट नाही. तो माझ्याकडं असा पाहून राहिला की जसं मी वर्गात चड्डी विसरून आलो.

चांगल्या गाडीत चाबी फिरवली का एअरबॅगचा दिवा तीनचार सेकंद पेटते, सिस्टिम स्वतःला तपासते, मग विझते. पेटलाच नाही म्हणजे दिवा मेला किंवा मारला. मीटर उघडलं. दिव्याच्या जागेवर काळ्या इन्सुलेशन टेपचा मापात कापलेला तुकडा. टेप काढली, चाबी फिरवली, लाल दिवा लागला तो लागलाच.

स्टिअरिंगच्या आत एक गोल गुंडाळलेली पट्टी वायर असते, स्टिअरिंग फिरलं तरी एअरबॅगला अन् हॉर्नला करंट जावा म्हणून. ती तुटलेली. हॉर्न तेच सांगून राहिलं होतं. म्हणजे किती वर्षं ही गाडी ड्रायव्हरच्या एअरबॅगशिवाय चालली देव जाणे, अन् कोणी तरी ते ठीक करायच्या ऐवजी बारा पैशाची टेप लावली. २०२१ मध्ये १५ वर्षं झाल्यावर आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू झालेली, कागदावर गाडी एकदम ओके.

नवी पट्टी वायर मागवली, काम त्यानंच केलं, बॅटरी काढून, थांबून. एअरबॅग काढताना छातीसमोर धरू नको, उशीची बाजू वर ठेव, एवढं त्यानं मला दोनदा सांगितलं. आत बारूदच असते शेवटी. मी मदतीला फक्त पाना देत होतो. एअरबॅगमध्ये आपण हात घालत नाही, कोणीच घालू नये. आणखी एक काम केलं, चेसिस नंबर सर्व्हिस सेंटरला देऊन एखादा रिकॉल (कंपनीनं दुरुस्तीसाठी परत बोलावणं) राहिला का विचारून घेतलं, नाही. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगची भानगड वाचल्यापासून मनात होतं, त्यात गर्मी अन् दमटपणानं आतलं रसायन खराब होऊन फुगवणारा धातूचा डबाच फुटायचा अन् तुकडे उडायचे, भारतातही काही कंपन्यांनी हजारो गाड्या परत बोलावल्या. जुनी एअरबॅग आहे म्हणजे आहेच असं नसते.

आता चाबी फिरवली का दिवा पेटते अन् विझते. पोरीला दाखवला. ती रोज मोजते, एक दोन तीन गेला.

२० एप्रिल, रविवार

मागचे सीटबेल्ट. गाडीत मागं बेल्ट होते पण कुलूप (ज्यात खट् करून बसते ते) सापडेना. डॉक्टरांनी लावलेल्या जाड रेक्झिनच्या सीटकव्हरखाली दाबून टाकलेले, कारण काय तर बसताना टोचतात. आपल्या इकडं हे घरोघर आहे, कव्हर टाकणाराच विचारतो, "मागचे दाबून टाकू ना भाऊ?" २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री मागच्या सीटवर बेल्ट न लावता गेले तेव्हा आठवडाभर सगळीकडं मागच्या बेल्टची चर्चा होती, आठवड्यानं चर्चा गेली अन् कुलूपं कव्हरखालीच राहिली.

कव्हर फाडून काढले. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून धागे पाहिले, झटका देऊन अडकते का पाहिलं, साबणाच्या कोमट पाण्यानं धुतले. एक हळू परत जात होता, धुतल्यावर सुधारला.

पोरगी साडेपाच वर्षांची, १८ किलो. पाठ असलेली बूस्टर सीट आणली, १५ ते ३६ किलोवाली, नारिंगी स्टिकरवर गोल ई अन् आर ४४ (लेकरांच्या सीटच्या सुरक्षा नियमाची खूण) पाहून घेतलं. काम साधं आहे, लेकराला उंच करते म्हणजे मोठ्यांचा बेल्ट गळ्यावरून नाही तर खांद्यावरून जातो, अन् खालची पट्टी पोटावर नाही तर कमरेच्या हाडावर बसते. बूस्टरशिवाय बसवून पाहिलं तर पट्टी बरोबर नरड्यावर, ते पाहून ही गप्प झाली. समोरच्या सीटवर बसवायचं नाही हे ठरलंच होतं. कॉलेजात असताना माझं दुसरं स्वप्न म्हणजे सॅन स्टॉर्म, गोव्यात बनायची, फायबरची बॉडी, दोनच सीट. ती घेतली असती तर लेकरू समोरच बसलं असतं. बरं झालं पैसे नव्हते.

बाबांचा बेल्ट हा वेगळा अध्याय. "मी का पाळण्यातलं पोट्टं आहो?" २०१९ च्या कायद्यानं चौदा वर्षांखालच्या लेकराला बेल्ट किंवा सीट नसली तर हजार रुपये दंड आहे म्हटलं, तर म्हणे "मी चौदाच्या वर आहो." नातीनं सांगितलं, आबा तुम्ही लावा नाहीतर मी पण नाही लावत. लावला.

४ मे, रविवार

पहाटे साडेपाचला गावाबाहेरच्या सरळ पट्टीवर ब्रेक टेस्ट. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूनं भाचे उभे केले, कोणी आलं का गमचा हलवायचा. मागं ४० किलोचे दोन खताचे पोते, बेल्ट लावून. चुन्यानं रेघ मारली, रेघेवर पेडल पूर्ण दाबलं. एबीएस पायाखाली धडधडते, सवय नसली तर माणूस घाबरून पाय उचलते, म्हणून हिलाही दोनदा करायला लावलं.

६० वरून १७ मीटरमध्ये उभी. ८० वरून ३० मीटर. टेपनं मोजलं, थोडंफार इकडंतिकडं. स्पीड २० नं वाढला अन् अंतर जवळपास दुप्पट. वर डोक्याला समजून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर ८० ला त्यातच २२ मीटर जातात. एकूण पन्नास मीटरच्या वर. आमच्या घरापासून हनुमानाच्या पाराएवढं. रोही (नीलगाय) तुरीतून निघून रस्त्यावर येते ते पन्नास मीटर आधी सांगून नाही येत.

एक पोतं बेल्टमधून निसटून समोरच्या सीटच्या पाठीवर आदळलं. सीट हलली नाही पण आवाज असा झाला की भाचे पळत आले. मग डिक्कीतल्या सामानाचा विचार आला. ५२८ लिटरची डिक्की, मोठी आहे, पण वर काचेजवळच्या फळीवर आपण छत्री, पाण्याची कॅन, प्रसादाचा डबा ठेवतोच. आता फळीवर काही नाही.

१५ जून, रविवार

पहिला पाऊस. हेडलाइटच्या काचा पिवळ्या, खरं तर प्लास्टिकच ते, उन्हानं मोतीबिंदू झालेला. पॉलिश करून घेतल्या, भिंतीसमोर उभी करून उजेडाची उंची लावली. फरक पडला तरी माझा निर्णय झाला, अंधार पडल्यावर पोरीला घेऊन निघायचं नाही. गाडी कशीही असो, बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन, रानडुकरं, हे गाडीच्या मॉडेलवर अवलंबून नाही.

खालून गाडी ठेंगणी आहे. शकुंतला रेल्वेचे (यवतमाळ-मूर्तिजापूरची जुनी छोटी गाडी) रूळ अजून रस्त्यात आहेत, रेल्वे बंद पडली पण फाटकाचा उंचवटा नाही पडला, चार माणसं असली का खाली खर्रर्र. इंजिनखाली लोखंडी पत्रा लावून घेतला, तेलाची टाकी फुटली का इंजिन गेलं. बाबांना उतरवून रूळ ओलांडतो, ते तेवढ्यात तंबाखू मळून घेतात.

१७ ऑगस्ट, रविवार

हे लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं. शुक्रवारी झेंडावंदनानंतर कारंज्याला गेलो, मी, ही अन् पोरगी. येताना रस्ता मोकळा, ढग, गाणी. हिनं मागून विचारलं, स्पीड किती आहे. मी म्हटलं सत्तर असेल. पाहिलं तर १०८.

खोटं नव्हतो बोललो, खरंच सत्तर वाटत होतं. आवाज नाही, हादरा नाही, टर्बो दोन हजारच्या वर ओढते अन् समजतच नाही. साल्याच्या जुन्या व्हॅनमध्ये सत्तरला दरवाजे वाजतात, आरसा थरथरते, आपोआप पाय उचलतो. ही गाडी घाबरवतच नाही. टायर, ब्रेक, बेल्ट सगळं केलं अन् राहिला तो माझा उजवा पाय, त्याचा पार्ट मिळत नाही कुठं. ही काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

मोबाइलच्या नकाशात स्पीडचा इशारा लावला, ८० ला बोंबलते. नव्या गाड्यांना २०१९ पासून असा इशारा कंपनीतूनच येतो, आपल्याला हातानं लावावा लागला. पुतण्याला चाबी नाही हेही ठरवलं. त्यानं "काका एक चक्कर" असं सहाव्यांदा म्हटलं आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. कारंजा लाडवरून समृद्धीनं नागपूर, चौघं. निघायच्या आधी थंड टायरमध्ये हवा, स्टेपनीतही. काँक्रीटचा रस्ता, कारला १२० ची परवानगी, मी ९५ वर डाव्या बाजूनं. तासाभरानं थांबलो, टायरला हात लावून पाहिला, कोमट. सरळ रस्त्यावर डुलकी लागते म्हणून ही सारखी प्रश्न विचारत होती, तेराचा पाढा पण म्हणायला लावला. बाबा बेल्टात झोपले. पोरीनं चाबी फिरवल्यावर दिवा मोजला, तीनला गेला. दुपारी चारला परत निघालो, दिवस बुडायच्या थोडं आधी समृद्धीवरून उतरलो, पण दारव्ह्याच्या अलीकडं अंधार झालाच. म्हणजे माझाच नियम मोडला. शेवटचं अंतर ४० नं आलो, एक बैलगाडी होती, दिवा नाही.

आतापर्यंतचा खर्च गाडी सोडून १ लाख १८ हजार. नवी नंबरप्लेट लावायची आहे, मुदत वाढत गेली तसा मीही लांबवत गेलो. पुढच्या वर्षी आरसी परत रिन्यू, ग्रीन टॅक्स परत. तेव्हा ठेवायची का नाही ते पाहू.

वही रात्री हिच्यापुढं ठेवली. शाळेच्या वह्यांच्या गठ्ठ्यात घालून तिनं तपासली, लाल पेननं. "चालेल. फक्त दिवसा." खाली सही. अन् ९ फेब्रुवारीच्या पानावर समासात, "हवा किती भरली? आकडा लिहिला नाही."

समोर ३२, मागं ३४.